मोरधारेचं आवतन

५ एप्रिल, शनिवार

भूमिकेनं ही डायरी जानेवारीत दिली होती. "बाबा, बोलत नाही तर लिहा तरी," असं म्हणाली होती. तीन महिने कपाटात पडून राहिली. आज काढली, कारण एक गोष्ट अशी आहे की ती मला कुणाला सांगता येत नाही.

सुनंदा पाणी पीत नाही.

अगदीच नाही असं नाही. गोळीपुरता घोट घेते, सकाळी अर्धा कप चहा घेते. होळीनंतर माझ्या लक्षात आलं. ओठांना भेगा पडल्या होत्या, पायांत गोळे येत होते. मार्चमध्ये दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, उन्हाळाभर असंच चाललं तर किडन्या जातील.

घरी आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "तो अजून प्यालेला नाही."

तो म्हणजे हितेंद्र, आमचा मुलगा. मागच्या श्रावणात मित्रांबरोबर सातपुड्यात मोरधारेचा धबधबा पाहायला गेला आणि खालच्या कुंडात बुडाला. पाण्यात बुडून गेलेल्याला तहान कसली, असं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

कुंदाबाई आल्या होत्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली; पहिल्या वर्षाची घागर भरायची, त्याचं ठरवायला.

आमच्याकडे कुणी गेलं की पहिल्या आखाजीला त्याच्या नावानं मातीची नवी घागर पाण्यानं भरतात. वर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. गेलेला माणूस त्या दिवशी घरी येऊन पाणी पितो. संध्याकाळी उरलेलं पाणी घरातले पितात. मी लहानपणापासून हे पाहत आलो. त्यावर कधी विचार केला नाही.

सुनंदा भिंतीकडे पाहत म्हणाली, "घागर भरून काय करता? त्याले घर कसं सापडीन?"

"असं काय बोलती व सुनंदा?" कुंदाबाई म्हणाल्या.

"खरं तेच बोलते. त्याले आपन घरी आनलंच नाही."

हे खरं आहे. दोन दिवस पाण्यात होता. दवाखान्यातून गाडी सरळ अमरधामला नेली. सुनंदाला तोंड दाखवू नका असं मीच सांगितलं. दहाव्याला कावळा शिवला नाही, दर्भाचा कावळा करावा लागला.

मग कुंदाबाईंनी माझ्या आईची आठवण काढली. माझे चुलते बोदवड स्टेशनाजवळ गाडीखाली गेले होते, त्यांनाही घरी आणता आलं नव्हतं. तेव्हा आईनं आखाजीच्या आधी रुळावर जाऊन त्यांना आवतन दिलं होतं. नाव घेऊन हाक मारायची, 'आखाजीले घरी ये' म्हणायचं, तिथली एखादी वस्तू उचलायची आणि निघायचं. उंबरा ओलांडेपर्यंत मागं पाहायचं नाही. वस्तू घागरीपाशी ठेवायची. माणूस वस्तूच्या मागं येतो. आईनं रुळातला खडा आणला होता.

"मग मी जाते," सुनंदा म्हणाली. "तो आला, प्याला, म्हंजे मी पीन."

कुंदाबाई जाताना मला दारात म्हणाल्या, "जीवराम भाऊ, मी आपली एक गोष्ट सांगतली. तिले खरोखर नेऊ नका हो डोंगरात." आधी सांगायचं आणि मग हे.

२६ एप्रिल, शनिवार

उद्या जातो आहोत. उद्या अमावस्या आहे हे कुंदाबाईंनी दोनदा फोन करून सांगितलं. मला दुसरी सुटी नाही.

हितेंद्रच्या मित्रानं पाठवलेला व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे. त्यात पोरं जीपमधून उतरतात, हसत चालतात, आणि लगेच धबधबा दिसतो. तासाभराची वाट असावी असा माझा अंदाज. सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत.

भूमिकेचा सोनगीरहून फोन आला. "बाबा, त्रेचाळीस डिग्री आहे. तुम्ही दोघं कधी चढ चढला आहात का? आईला धड जिना चढवत नाही. यांना गाडी घेऊन पाठवते."

जावयाला कशाला त्रास, असं मी म्हणालो. खरं म्हणजे कुणी बरोबर असलं की मला तिथं हाक मारता येणार नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या, थोडे मुरमुरे, आणि घरच्या पाण्यानं भरलेला तांब्या, तोंडाला फडकं बांधून. तांब्यातलं पाणी त्याचं.

२८ एप्रिल, सोमवार

कालचं आज लिहितो. रजा टाकली आहे. तळपायांना फोड आलेत.

चोपड्याहून जीप उशिरा मिळाली, पायथ्याच्या पाड्यावर पोचायला दहा वाजून गेले. पावसाळ्यात इथं गाड्यांची रांग लागते म्हणतात. काल एक माणूस नव्हता. वरचा रस्ता नाल्यानं खाऊन टाकलेला, जीप पुढं जात नाही. तेरसिंग नावाच्या पावरा आदिवासी माणसाचं एक दुकान आहे, पावसाळ्यात भजी आणि कणसं विकतो. तो खाटेवर पडला होता.

"धार देखाले उनात?" तो उठून हसला. "साहेब, आते धार कोठे शे? बठ्ठं पानी उतरी गयं."

"धबधबा आटला असला तरी आम्हाला जागा पाहायची आहे," मी म्हणालो.

"जागा! जागा तर काई पळी नई जास." पण आमच्याकडे पाहून तो हसायचा थांबला. तासाभराची वाट आहे का, विचारलं. हो म्हणाला. त्याच्या पायांनी असेल.

त्याची बायको रेशमा सुनंदाच्या पायांकडे पाहत होती. "अक्का, ह्या चपलावर जाशी? ती वाट चपला खाई टाकस."

"खाऊ दे," सुनंदा म्हणाली. "मोठं लेकरू खाऊन बसली, चपलेचं काय."

रेशमा उठली. आत जाऊन सुतळी आणली आणि खाली बसून सुनंदाच्या चपला पायांना बांधून दिल्या. त्या गडबडीत मी एक बाटली खाटेखाली विसरलो. ते अर्ध्या वाटेवर कळलं.

वाट सागाच्या जंगलातून आहे. या दिवसांत सागाची सगळी पानं गळून खाली पडतात, ताटाएवढी, पापडासारखी वाळलेली. पाऊल टाकलं की एवढा आवाज होतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही. सावली नाही. नुसते खांब उभे. माझे ऑफिसचे बूट घसरत होते. सुनंदा दर थोड्या वेळानं दगडावर बसायची. बाटली पुढं केली की मान हलवायची. तांब्या मात्र तिनं माझ्या हातात दिला नाही, छातीशी धरून चढली.

कुंडाशी पोचायला दीड वाजला असेल.

धबधबा नाही. उंच काळा कडा, त्यावर पाण्याच्या पांढऱ्या वाळलेल्या रेघा. व्हिडिओत जिथं पाणी कोसळतं तिथं मधमाश्यांची पोळी होती. आणि खाली कुंड. मी आठ महिने त्या कुंडाचा विचार करत होतो. ते आमच्या अंगणाएवढं होतं. मधोमध हिरवं पाणी राहिलेलं. मी बूट काढून आत उतरलो. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. त्या पाण्यात मी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. पावसात तिथं दोन पुरुष पाणी असतं, हे मला समजतं. तरी मी उभाच होतो.

पाणी उतरलेल्या जागी चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यात माणसांच्या वस्तू रुतल्या होत्या. गॉगल, बाटल्या, कंगवा, लहान मुलाची टोपी, एकेकट्या चपला आणि बूट. कुणी मांडून ठेवल्यासारखे सगळे कड्याकडे तोंड करून. पाणी ओसरताना तसं होत असणार.

सुनंदानं तांब्याचं फडकं सोडलं आणि खडकावर पाणी ओतलं. तापलेला खडक चुर्र वाजला. ओल लगेच नाहीशी झाली. ती मला म्हणाली, "मारा हाक."

बापानं हाक मारायची असते. मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. दोनदा प्रयत्न केला. मग तिनंच मारली. "हितेंद्र! आखाजीले घरी ये रे बाप्पा! पानी प्याले ये!"

कड्यावरून आवाज परत आला. नाव आलं नाही, नुसतं 'ये' आलं, तेही उशिरा आणि जरा जाड आवाजात.

सुनंदा वाकून चिखलातून काहीतरी ओढत होती. उजव्या पायाचा सँडल. निळा, पट्टा तुटलेला आणि तारेनं बांधलेला. "हा त्याचाच," ती म्हणाली आणि पदरात गुंडाळला.

त्याचा नव्हता. हितेंद्रचे बूट मी घेतले होते, पांढरे, नऊ नंबर. एक त्याच्या पायातच राहिला होता. दवाखान्यात मला पिशवीत घालून दिला, मी तो राखेबरोबर तापीत सोडला. सुनंदाला हे माहीत नाही. निळ्या सँडलवर सात नंबर होता. हे मी तिला तिथं कसं सांगणार होतो? "हो," म्हणालो.

माझी बाटली संपली होती. कुंडातलं पाणी भरू लागलो तर ती म्हणाली, "ते पानी तोंडाले लावू नका." मी बाटली रिकामी केली.

उतरताना आवाज सुरू झाला.

आधी वाटलं आमच्याच पावलांचा आहे. आम्ही थांबलो की पानं वाजायची थांबायला हवीत. ती एक-दोन पावलं जास्त वाजायची. मी मुद्दाम तीन-चार वेळा थांबून पाहिलं. वानरं असतील असं मनात म्हणालो. पण वानर तसं चालत नाही. एक पाऊल जोरात वाजायचं, दुसरं अगदी हलकं, अनवाणी माणूस जपून टाकतो तसं. मोठं, हलकं. मोठं, हलकं.

मागं पाहायचं नव्हतं. सुनंदा पुढं बघत चालली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, आठ महिन्यांत पहिल्यांदा, काहीतरी शांत होतं. "येऊन राह्यला," ती म्हणाली.

नाल्याशी आम्ही वाट चुकलो. दोन नाले एकत्र येतात, मी उजवा धरला. थोडं अंतर गेलो तर पुढं कडा. परत वळावं तर मागं पाहावं लागेल म्हणून सुनंदा वळायला तयार नाही. मी तिच्या खांद्याला धरून उलट्या पावली तिला मागं सरकवत आणलं. दोघांनी डोळे मिटलेले. हे कुणी पाहिलं असतं तर वेडे समजला असता. तेवढा वेळ पानं अजिबात वाजली नाहीत. कुणीतरी बाजूला होऊन वाट दिल्यासारखं.

नाल्यात परत आल्यावर ती खाली बसली ती उठेना. अंग तापलेलं, घाम नाही. डोळे वर जात होते. मी तिच्या डोक्यावर रुमाल धरला. माझ्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. भूमिकेचं ऐकलं नाही, ते तेव्हा कळलं. मी मोठ्यानं ओरडू लागलो. कुणाला हाक मारत होतो ठाऊक नाही.

तेवढ्यात पानं वाजली. मागं नाही, डावीकडे. मग पुढं. मोठं, हलकं. एका झुडपामागून आवाज खाली उतरत गेला आणि थांबला. सुनंदानं डोळे उघडले. "तो पुढं गेला. चला."

मी तिला उठवलं. आवाज पुढं जायचा आणि थांबायचा, आम्ही जवळ गेलो की पुन्हा निघायचा. कुणी दिसलं नाही. अशा आडवाटेनं आम्ही पाड्याच्या कुंपणाशी बाहेर पडलो. मळलेल्या वाटेपेक्षा ती निम्म्यानं जवळची होती. हितेंद्र तिथं एकदाच गेला होता, तोही जीपनं. त्याला ही वाट कशी माहीत, हे मला समजत नाही.

रेशमानं सुनंदाला आत नेऊन ओल्या गोधडीत गुंडाळलं, ताक दिलं. सुनंदानं ओठ ओले केले तेवढेच. मी बाहेर तेरसिंगला सँडल दाखवला.

त्यानं हातात घेतला नाही. वाकून पाहिला. "हाऊ फिराले येनारा मानूसना नई, साहेब. तार बांधेल शे. मजूर मानूसना व्हई."

"अजून कुणी बुडालं होतं का?"

"तुमना पोऱ्या मालूम शे, कारन पोलीस उनात, पेपरमा उनं, आते तुमी उनात." त्यानं डोंगराकडे पाहिलं. "डिंक, मोह, तेंदूपत्ता... कोठला कोठला लोक वर जातस, तिकडथून मध्य प्रदेशमा उतरी जातस. कोन गया, कोन वापस उना, कोन मोजस?"

२९ एप्रिल, मंगळवार

सुनंदाची तब्येत जरा बरी. ताप उतरला. पाणी अजून घोटाघोटानंच. "उद्या," म्हणते.

सँडल तिनं साबणानं धुतला, तारेला लागलेला गंज चिंचेनं घासला आणि मागच्या खोलीत पाटाशेजारी ठेवला. मी दिवसभर सांगायचं सांगायचं करत राहिलो. आपण दुसऱ्याच कुणालातरी घरी घेऊन आलो. हितेंद्र तिथंच राहिला असेल तर? आणि हे सांगितलं तर ती उद्याही पिणार नाही, परवाही नाही.

दुपारी मागच्या खोलीत फरशीवर आवाज झाला. मोठा, हलका. मी उठून गेलो. खोली रिकामी होती. सँडल होता तिथंच होता. फक्त त्याचं तोंड दाराकडे झालं होतं. झाडताना सुनंदाचा हात लागला असेल.

ती बाजारातून घागर घेऊन आली. दोन आणल्या.

"दोन कशाला?"

"एखादी फुटते," ती म्हणाली.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी दोन्ही घागरी गळ्यापर्यंत भरल्या. एकाच कुंभाराच्या, एकाच मापाच्या, एकाच नळाच्या पाण्यानं. दोन्हींवर मडकी, डांगरं, आंबे. उजवीकडची हितेंद्रची. डावीकडच्या घागरीसमोर सुनंदानं निळा सँडल ठेवला.

सांजोऱ्या मांडणाऱ्या कुंदाबाईंचा हात थांबला. "ही कोनाची व?"

सुनंदा उत्तर न देता माझ्याकडे वळली. "आगारी टाका."

निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकताना ज्याच्यासाठी टाकायचा त्याचं नाव घ्यायचं असतं. पहिला मी हितेंद्रच्या नावानं टाकला. त्या दिवशी जंगलात न आलेला आवाज आज आला. दुसरा घास सुनंदानं माझ्या हातात ठेवला. मी तसाच बसलो.

"ज्याचं नाव आपल्याले ठाव नाही, त्याचा म्हना," ती म्हणाली.

"अशी रीत नाही सुनंदा," कुंदाबाई घाबरून म्हणाल्या. "परक्याले घरात पानी? तो जाईन का मंग?"

"ताई, नऊ नंबरचा बूट मी आठ महिने डोयापुढं पाहून राह्यली. मले का कयत नाही? मी हाक मारली तं जो होता तो आला. त्याच्याबी मायनं दार उघडं ठेवलं असीन."

मी घास टाकला. धूर सरळ न जाता डाव्या घागरीकडे वळला. खिडकी उघडी होती.

जेवणं झाली. कुंदाबाई घाईनं निघून गेल्या. आमरसाच्या वाट्या तशाच राहिल्या. सुनंदा पुढच्या खोलीत आडवी झाली. उन्हं कलल्यावर मी मागच्या खोलीत गेलो.

मडकं उतरवून पाहिलं, तर डावी घागर चार बोटं खाली गेली होती.

मी उचलून पाहिली. खालची चकती कोरडी, जमीन कोरडी. नव्या घागरीला पाझर असतो. पाटबंधारे खात्यात मी आयुष्य काढलं, पाणी उन्हानं किती कमी होतं हे मला माहीत आहे. पण ऊन एका घागरीतलं पाणी घेऊन शेजारची सोडत नाही. उजवी, हितेंद्रची घागर, सकाळी भरली तशी गळ्यापर्यंत भरलेली होती. एक थेंबही कमी नाही.

तो आला नव्हता.

सुनंदा उठली की आधी हेच पाहणार. मी हितेंद्रच्या घागरीवरचं डांगर बाजूला ठेवलं, मडकं उतरवलं, घागर दोन्ही हातांनी कलती केली आणि तोंड लावून प्यायलो. चार बोटं म्हणजे पुष्कळ पाणी असतं. मध्ये दोनदा दम घ्यावा लागला. पोट तट्ट झालं. पाणी गार होतं आणि त्याला नव्या मातीचा वास होता. मडकं, डांगर, आंबे पुन्हा होते तसे ठेवले.

वळलो तर सुनंदा दारात उभी. केव्हा आली कळलं नाही.

तिनं दोन्ही मडकी उतरवून घागरींत वाकून पाहिलं. मग माझ्याजवळ आली आणि पदरानं माझ्या मिशा आणि हनुवटी पुसली. "किती घाम आला तुम्हाले," म्हणाली. खोलीत पंखा नाही, तिला घामच वाटला असणार.

मग तिनं हितेंद्रच्या घागरीतून लोटा भरला आणि उभ्यानं संपवला. घशाचा आवाज होत होता. दुसरा भरला, तोही संपवला. मी भिंतीला धरून उभा होतो.

तिसरा लोटा तिनं भरला आणि हळूहळू डाव्या घागरीत ओतला.

"त्याले अजून लांब जायचं असीन," ती म्हणाली.